काचेच्या पेटीतली साथ

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. वय 74, पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी, कोलेस्टेरॉलची एक गोळी. नांदेडमध्ये त्यांना अनेक जण गुरुजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. (या लेखासाठी त्यांची संमती घेतली आहे, आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.) उजव्या हाताच्या तर्जनीवर, पेराच्या मागच्या बाजूस, हरभऱ्याएवढी निळसर लाल गाठ होती. दुखत नव्हती. ताप नव्हता. मी साखर तपासली, ती थोडी वाढलेली होती. मधुमेही माणसाचे केस्तूड असावे असे समजून मी सात दिवसांचे प्रतिजैविक लिहून दिले.

गाठ गेली नाही. दुसऱ्या भेटीत मी युरिक ॲसिड तपासले, ते ठीक निघाले. औषध बदलून आणखी दहा दिवस दिले. तिसऱ्या भेटीत त्यांनी शर्टाची बाही वर सारली तेव्हा मनगटापासून कोपराच्या दिशेने, ओळीने, तीन लहान गाठी दिसल्या. आता मात्र मी सावध झालो. एका ठिकाणचा संसर्ग रसवाहिन्यांच्या वाटेने असा वर चढतो तेव्हा डॉक्टरने औषधाचे पाकीट बाजूला ठेवून रुग्णाच्या दिनक्रमाची चौकशी करायची असते. मी शेती, गुलाबाची झाडे, मांजर, सगळे विचारले. उत्तर प्रत्येक वेळी नकारार्थी आले. अखेर सोबत आलेल्या सूनबाई म्हणाल्या, “मामा रोज त्या माशांच्या पाण्यात हात घालतात. मासे मरत होते तेव्हा तर दिवसभर हात पाण्यातच होता.”

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. पाच आठवडे वाया गेले ते माझ्यामुळे.

मग त्या साथीची हकिगत उलगडली. पत्नीच्या निधनानंतर मुलाने गुरुजींना तीन फुटी काचपेटी आणून दिली होती. दोन वर्षांत त्यांनी चौदा मासे सांभाळले: मॉली, गप्पी, दोन एंजल. श्रावणात नातवाच्या हट्टाखातर तीन नवे मासे आणले आणि पिशवी उघडून तसेच पेटीत सोडले. पाचव्या दिवशी एका मॉलीच्या शेपटीवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. मासे तळाच्या खड्यांवर अंग घासू लागले, कल्ले मिटून एका कोपऱ्यात थांबू लागले. आठवड्याभरात निम्म्या पेटीला ठिपके आले.

या रोगाला मासे पाळणारे ‘इच’ किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणतात. तो एका परजीवी आदिजीवामुळे होतो. 1876 मध्ये फूके या फ्रेंच संशोधकाने त्याला नाव दिले, पण गोड्या पाण्यात मासे पाळणारी माणसे त्याआधीपासून त्याने हैराण होतीच. त्याचे जीवनचक्र समजून घेणे आवश्यक आहे, कारण उपचार फसतात ते इथेच. आपल्याला जो ठिपका दिसतो तो माशाच्या त्वचेखाली दडलेला, पोसला जाणारा जीव असतो. तिथे त्याच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. पोट भरल्यावर तो मासा सोडतो, तळाशी जाऊन भोवती आवरण बांधतो आणि आत विभागत राहतो. एकाचे शेकडो, कधी हजारापर्यंत होतात. ती पिल्ले आवरण फोडून पाण्यात पोहू लागतात आणि साधारण दोन दिवसांत त्यांना मासा मिळाला नाही तर मरतात. औषधाचा मारा लागू पडतो तो फक्त या पोहणाऱ्या अवस्थेवर.

म्हणून ‘ठिपके गेले, रोग गेला’ हा समज घातक आहे. ठिपके गेले याचा अर्थ परजीवी तळाशी उतरला आणि आता शेकड्यांनी परत येणार, एवढाच. पाणी सुमारे 25 अंशांचे असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, आणि 10 अंशांच्या थंड पाण्यात त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो. औषधाच्या मात्रा त्यामुळे पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात, शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यानंतरही काही दिवस. माणसांच्या औषधांतही आपण हीच चूक करतो, ताप उतरला की गोळ्या कपाटात जातात.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जातो आणि पावसाची झड लागली की पाणी एकदम गार होते. तापमानाच्या अशा हेलकाव्याने माशाची प्रतिकारशक्ती ढासळते. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद. नव्या माशांबरोबर आलेल्या परजीवीला याहून सोयीचा काळ कोणता?

आता गुरुजींनी काय केले ते सांगतो, कारण कोणत्याही स्वच्छताप्रिय मराठी घरात हेच होईल. त्यांनी पेटी पूर्ण रिकामी केली. खडे गरम पाण्याने धुतले, फिल्टरचा स्पंज साबण लावून नळाखाली पिळला, काच लख्ख पुसली, आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे परत सोडले. त्या रात्री सहा मासे गेले. ते इचने मेले नव्हते. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी असतो. स्पंजमध्ये आणि खड्यांवर वस्ती केलेले उपकारक जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी अपायकारक नायट्रेट करतात. साबणाने ती वस्तीच नष्ट झाली. भरीस भर म्हणजे नळाच्या पाण्यातील क्लोरीन, जे आपल्यासाठी रक्षक आहे पण माशाच्या कल्ल्यांना भाजून काढते. आजारी माशाला स्वच्छ पाणी हवे हे खरे, परंतु ते थोडे थोडे, दर वेळी चौथा हिस्सा, रात्रभर टबात उघडे ठेवून क्लोरीन उडालेले, आणि पेटीतल्या पाण्याच्या जवळपास तापमानाचे. स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच.

मी माणसांचा डॉक्टर आहे, माशांचा नव्हे. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे हे लातूर-नांदेडकडच्या अनेकांना ठाऊक नसते. तिथे शिकलेल्या एका ओळखीच्या तरुणाकडून मी उपचाराचा भाग समजून घेतला. त्याने सांगितलेली रीत साधी होती. हीटरने पाणी हळूहळू, एका दिवसात दोन अंशांहून अधिक नाही, असे 29-30 अंशांपर्यंत न्यायचे, म्हणजे परजीवीचे चक्र लवकर फिरते आणि तो पोहणाऱ्या अवस्थेत लवकर सापडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा पंप जोरात. लिटरला एक ते दोन ग्रॅम साधे मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून, दिवसभरात विभागून. (गोल्डफिशला इतकी उष्णता मानवत नाही, खवले नसलेल्या माशांना आणि पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही. त्यांचा विचार वेगळा.) तळ रोज नळीने शोषून घ्यायचा, कारण आवरणातले परजीवी तिथेच असतात. आणि नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात. हा शेवटचा नियम पाळला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

दुकानात मिळणाऱ्या औषधांविषयी मला वेगळे सांगायचे आहे. पांढऱ्या ठिपक्यांवर मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन ही द्रव्ये वापरली जातात. माशांवर ती गुणकारी आहेत, पण माणसासाठी दोन्ही घातक. मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांसाठी निषिद्ध आहे, फॉर्मॅलिन तर शवविच्छेदनगृहातले. अशा निळ्या-हिरव्या थेंबांच्या लहान बाटल्या मी वृद्धांच्या घरी डोळ्यांच्या थेंबांशेजारी ठेवलेल्या पाहिल्या आहेत. मोतीबिंदू झालेल्या माणसाला दोन बाटल्यांतला फरक दिसणार कसा? या बाटल्या कुलपात, औषधांपासून दूर, कागदावर ठळक अक्षरे लिहून ठेवाव्यात. तसेच, घरात उरलेली टेट्रासायक्लिनची किंवा अन्य कोणतीही कॅप्सूल फोडून पेटीत टाकण्याचा उद्योग कृपया करू नका. इच हा जिवाणू नाही, त्याच्यावर तिचा परिणाम शून्य. उरलेल्या पाण्यात औषधांना न जुमानणारे जिवाणू मात्र तयार होतील.

इच माणसाला होत नाही. मग गुरुजींच्या हातावर काय होते?

साथ ओसरल्यावर पाच मासे उरले. त्यांतले दोन खात होते तरी वाळत गेले, पोट आत गेले, एकाचा कणा वाकला, अंगावर लहान जखम झाली. इचचा धुमाकूळ डोळ्यांत भरणारा होता, त्यामुळे या दोघांकडे कुणाचे लक्ष गेले नाही. माशांना क्षयासारखा रोग देणारा एक जिवाणू आहे, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. 1926 मध्ये आरॉनसन या संशोधकाने फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत तो ओळखला. माणसाच्या त्वचेत तो 1951 मध्ये स्वीडनमधील जलतरण तलावात पोहणाऱ्यांकडे सापडला. पुढे तलावांत क्लोरीन नीट पडू लागले आणि तो मार्ग आकुंचला. 1962 मध्ये घरगुती काचपेटीशी त्याचा संबंध नोंदला गेला, आणि आज या आजाराला ‘फिश टँक ग्रॅन्युलोमा’ हेच नाव रूढ आहे.

हा जंतू अखंड त्वचेतून आत जात नाही, त्याला फट लागते. गुरुजी साखर तपासण्यासाठी रोज बोटाला सुई टोचत, शिवाय पेटीतल्या शोभेच्या शंखाने त्यांना तर्जनीवर खरचटले होते. त्याच हाताने त्यांनी अकरा-बारा मेलेले मासे बाहेर काढले. गाठ बहुधा दोन ते चार आठवड्यांनी येते, क्वचित कित्येक महिन्यांनी, त्यामुळे रुग्णाला कारण आठवतही नाही. जंतूला 30 ते 32 अंश तापमान मानवते. आपल्या शरीराच्या आत 37 अंश असतात, म्हणून तो हात-कोपरासारख्या गार भागांच्या त्वचेतच बहुधा मुक्काम करतो. परंतु प्रतिकारशक्ती कमी असेल तर तो स्नायुबंध, सांधे आणि हाडांपर्यंत जाऊ शकतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा नवी जैविक इंजेक्शने घेणारे, स्टेरॉइडवर असलेले, अवयवरोपण किंवा केमोथेरपी झालेले आणि साखर आटोक्यात नसलेले अशांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

मी गुरुजींना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. गाठीचा तुकडा काढून तपासला गेला. प्रयोगशाळेला काचपेटीचा इतिहास मुद्दाम कळवावा लागतो, कारण नेहमीच्या 37 अंशांवर नमुना ठेवला तर काहीच उगवत नाही आणि अहवाल ‘निर्दोष’ येतो. आणखी एक सावधगिरी: अशी गाठ पाहून तिच्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये. काही काळ बरे वाटते आणि मग संसर्ग फोफावतो.

निदान कळल्यावर खरा त्रास घरात सुरू झाला. ‘क्षयाच्या कुळातला जंतू’ एवढे शब्द घरी पोहोचले आणि दुसऱ्या दिवसापासून गुरुजींचा चहाचा कप वेगळा झाला. नातवाला त्यांच्या खोलीत जाऊ नको असे सांगण्यात आले. गुरुजी स्वतः काही बोलले नाहीत. हे मला मुलाच्या एका प्रश्नातून कळले: “डॉक्टरसाहेब, अण्णांची भांडी वेगळी उकळावी लागतील का?” मी सगळ्यांना एकत्र बोलावले. हा फुप्फुसाचा क्षय नाही. तो खोकल्याने, एका ताटात जेवल्याने, मांडीवर बसल्याने पसरत नाही. माणसाकडून माणसाला तो होतच नाही म्हटले तरी चालेल. तो पाण्यातून आला आहे. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या माहेरी क्षयाने एक माणूस गेलेला होता, म्हणून ती भीती. त्यांना दोष द्यायला माझे मन धजावले नाही. संध्याकाळी नातू आजोबांच्या खोलीत गेल्याचे मला फोनवर कळवण्यात आले.

उपचार दीर्घ असतो. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एथाम्ब्युटॉल ही दोन औषधे त्यांना देण्यात आली, एकूण चार महिने. गाठी जिरल्यावरही महिना-दोन महिने औषध चालू ठेवावे लागते. क्षयाच्या उपचारातले आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड या जंतूवर उपयोगी पडत नाहीत, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून क्षयाच्या गोळ्या सुरू करू नयेत. वयस्कर माणसाच्या बाबतीत मला अधिक काळजी औषधांच्या आपसातील भांडणाची असते. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढून स्नायूंना इजा होते, म्हणून गुरुजींची ती गोळी तेवढ्या काळापुरती थांबवली. मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातील काही गोळ्यांबरोबर साखर एकाएकी उतरू शकते. एथाम्ब्युटॉलने दृष्टीवर, विशेषतः रंग ओळखण्यावर, परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी आणि मधून मधून नेत्रतपासणी. तज्ज्ञांकडे जाताना घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या, असे मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतात थोडे.

मुलाचे म्हणणे होते की पेटी काढून टाकावी. मी विरोध केला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2002 मध्ये अल्झायमरच्या 62 रुग्णांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला: जेवणघरात माशांची पेटी ठेवली. रुग्ण अधिक जेवू लागले, सोळा आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी पाऊण किलोने वाढले. विस्मृतीच्या रुग्णाला दोन घास जास्त भरवण्यासाठी घरच्यांना काय काय करावे लागते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या पाऊण किलोचे मोल समजेल. गुरुजींना विस्मरण नाही, पण पत्नी गेल्यानंतर सकाळी उठण्याचे कारण त्यांना या पेटीने दिले होते. ते काढून घेण्याचे पत्र मी लिहिणार नव्हतो.

पेटी राहिली, पण जुने खडे, स्पंज, शंख टाकून दिले. वाकलेल्या कण्याचे दोन्ही मासे त्या तरुणाच्या सल्ल्याने वेदनारहित रीतीने संपवून खड्ड्यात पुरले. मेलेला किंवा आजारी मासा गोदावरीत, विष्णुपुरीच्या जलाशयात किंवा विहिरीत सोडू नये. जिवंत सोडणे पुण्याचे वाटते, पण ते नदीतल्या माशांना रोग देणे आहे. 1988 मध्ये माशांच्या अंगावर खोल जखमा करणारा एक बुरशीसदृश रोग ईशान्येकडून भारतात शिरला आणि काही वर्षांत देशभरच्या तळ्यांत पसरला, किती मच्छीमारांचे त्यात नुकसान झाले ते त्या पिढीला विचारावे.

हात पाण्यात घालण्याचे काम आता गुरुजींचे नाही. ते मुलगा करतो, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुतो. नळीने पाणी उपसताना तोंडाने ओढायचे नाही, ही सवय आपल्याकडे सर्रास आहे. हातपंपाची नळी स्वस्तात मिळते. पेटीचे सामान स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचे नाही. हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंपाचे बटण बंद करायचे. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो, ती सत्तरीच्या माणसाने उचलायची नाही, आणि फरशीवर सांडलेले पाणी त्याच क्षणी पुसायचे. माझ्या अनुभवात काचपेटीमुळे बोटाला गाठ आलेला रुग्ण एकच. ओल्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडलेले कितीतरी.

साथीनंतर मासे उरत नाहीत तेव्हा लोक पेटी तशीच, अर्ध्या पाण्यासह, गच्चीवर नेऊन ठेवतात. तिथे डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आरोग्य खाते डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत गप्पी मासे सोडते. मासे नसलेली पेटी म्हणजे नेमकी उलट व्यवस्था. पाणी ओतून देऊन चालत नाही, काचेला चिकटलेली अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून कडा घासून पेटी उलटी ठेवावी. नळाचे पाणी साठवलेला टबही रात्री जाळीच्या कापडाने झाकावा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. त्या आठवणीने आमच्याकडची माणसे पाणी ओतून द्यायला कचरतात, हे मला समजते. औषध आणि मीठ न घातलेले पेटीचे पाणी कुंड्यांना उत्तम.

खाद्याचा प्रश्न उरला होता. गुरुजी सकाळी खाद्य घालत, मग घातले की नाही ही शंका येऊन पुन्हा घालत. उरलेले खाद्य तळाशी कुजते आणि पुन्हा अमोनिया. सूनबाईंनी गोळ्यांची सात कप्प्यांची जुनी डबी काढली आणि रविवार ते शनिवार, प्रत्येक कप्प्यात चिमूटभर खाद्य भरले. कप्पा रिकामा असेल तर आज घातले आहे. त्या डबीशेजारी गुरुजींची स्वतःच्या गोळ्यांची डबी असते, ती वेगळ्या रंगाची. परवा ते तपासणीला आले तेव्हा हातावर फक्त फिकट डाग राहिले होते. नवे चार मासे बादलीत एकवीस दिवस काढत आहेत, आज अठरावा, असे त्यांनी मला न विचारताच सांगितले.